दुरुस्ती झाली, पण हीट पंप सुरूच होत नाही

दुरुस्तीचं काम आटोपलं, पत्र्याची झाकणं परत लागली, ब्रेकर वर केला, थर्मोस्टॅटवर तापमान वाढवलं, आणि बाहेरचं युनिट ढिम्म. पंखा फिरत नाही, कॉम्प्रेसरची घरघर नाही. मनात पहिला विचार येतो, ‘गेला कॉम्प्रेसर!’ आणि खर्चाचा आकडा डोळ्यांपुढे नाचायला लागतो. पण नेमका दुरुस्तीच्याच दिवशी कॉम्प्रेसर जळणं फार क्वचित घडतं. कारण बहुतेक वेळा हात लागलेल्या जागीच सापडतं: सैल राहिलेला लग (तारेचं धातूचं टोक), अर्धवट बसलेला प्लग, उडालेला ३ ॲम्पियरचा फ्यूज, नीट न दाबलं गेलेलं झाकण.

म्हणून मीटर काढण्याआधी एक कागद घ्या आणि दुरुस्तीत काय काय उघडलं, काढलं, बदललं ते लिहून काढा. काम दुसऱ्याने केलं असेल तर त्याला फोन करून विचारा. ‘फक्त पंख्याची मोटर बदलली’ या उत्तराने समाधान मानू नका. मोटर बदलायला डिस्कनेक्ट (बाहेरच्या युनिटची वीज तोडायचा स्विच) काढला होता का, कपॅसिटरच्या तारा सोडवल्या होत्या का, कंट्रोल बोर्डावरचा कुठला प्लग उपसला होता का, हे एकेक करून विचारा. ही यादी अर्धं काम करून टाकते.

आता यंत्राची थोडी ओळख. हीट पंप म्हणजे दोन्ही दिशांनी चालणारा एसी. उन्हाळ्यात घरातली उष्णता बाहेर टाकतो, थंडीत बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून आत आणतो. दिशा बदलायचं काम रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह करतो. डक्टवाल्या यंत्रणेत वीज दोन पातळ्यांवर खेळते. एक मोठी वीज, २३० किंवा २४० व्होल्टची, जी कॉम्प्रेसर आणि पंखे फिरवते. दुसरी छोटी वीज, २४ व्होल्टची (एसी म्हणजे इथे प्रत्यावर्ती प्रवाह), जी नुसता निरोप पोचवते. थर्मोस्टॅटला वाटलं घर गार झालंय, की तो २४ व्होल्ट एका तारेवर सोडतो. तो निरोप वाटेतल्या तीन-चार सुरक्षा स्विचांमधून जात काँटॅक्टरच्या, म्हणजे विजेने ओढल्या जाणाऱ्या मोठ्या स्विचच्या, कॉइलपर्यंत पोचतो, काँटॅक्टर ‘खट्’ करून ओढला जातो आणि मोठी वीज कॉम्प्रेसरला मिळते. वाटेतल्या एकाही स्विचने अडवलं, की सगळं धडधाकट असूनही यंत्र उभं राहतं. दुरुस्तीनंतर न सुटणाऱ्या, म्हणजे सुरू न होणाऱ्या, यंत्रात असा अडवलेला निरोपच जास्त वेळा निघतो, जळलेला भाग कमी वेळा. इन्व्हर्टर स्प्लिटमध्ये हाच निरोप आकड्यांच्या भाषेत दोन बोर्डांमध्ये जातो. त्याकडे पुढे वळू.

ब्रेकर खाली-वर करण्याआधी

सर्वांत जास्त नुकसान करणारी सवय म्हणजे काही चालेना की ब्रेकर बंद करून पुन्हा चालू करणं. बऱ्याच बोर्डांवर एक छोटा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून बिघाडाचा कोड सांगत असतो, आणि वीज गेली की काही बोर्डांमधला तो कोड पुसला जातो. आधी लुकलुकणं मोजा. दोनदा मोजा, मोबाईलवर व्हिडिओ काढा. कोडचा अर्थ युनिटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर असतो. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांमध्येही कोडचे अर्थ वेगळे असू शकतात, म्हणून ऐकीव अर्थावर जाऊ नका.

मग घड्याळ लावून पाच मिनिटं थांबा. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर किंवा वीज नुकतीच आल्यावर त्याला लगेच सुटू द्यायचं नाही, अशी सोय बोर्डात किंवा थर्मोस्टॅटमध्ये असते. ही थांबण्याची वेळ साधारण ३ ते ५ मिनिटांची. अधीरपणे पुन्हा ब्रेकर पाडला की वेळ पुन्हा शून्यापासून मोजली जाते. दर दोन मिनिटांनी ब्रेकर खाली-वर करणाऱ्याचं यंत्र बिचारं कधीच सुरू होणार नाही.

थंडीच्या दिवसांत आणखी एक गोष्ट. दुरुस्तीसाठी वीज बराच काळ, समजा रात्रभर, बंद होती, तर गॅस द्रवरूपात कॉम्प्रेसरच्या तेलात जाऊन मुरतो. ते टाळायला कॉम्प्रेसरच्या बुडाशी एक छोटा हीटर असतो, क्रँककेस हीटर. वीज नसताना तोही बंद पडतो. अशा वेळी वीज चालू करून, पण थर्मोस्टॅट ‘ऑफ’ ठेवून, काही तास तेल गरम होऊ द्यावं. अनेक उत्पादक १२ ते २४ तास सांगतात. घाई केली तर सुरुवातीच्या क्षणी तेल फेसाळतं, बेअरिंगला वंगण मिळत नाही, आणि मग खरोखरच कॉम्प्रेसर जातो.

थर्मोस्टॅटवर एक शब्द नीट वाचा: ‘इमर्जन्सी हीट’ किंवा नुसतं ‘एम हीट’. दुरुस्ती चालू असताना घर गार पडू नये म्हणून ही कळ दाबून ठेवतात आणि जाताना परत फिरवायची राहून जाते. या स्थितीत बाहेरच्या युनिटला निरोपच जात नाही, आतले विजेचे हीटर घर तापवतात. घर उबदार आहे, म्हणजे सगळं ठीक आहे असं वाटत राहतं आणि विजेचा वापर मात्र बराच वाढतो. हीट पंप चालतोय की नाही याचा पुरावा बाहेर उभं राहून बघायचा.

वीज खरंच पोचतेय का

डक्टवाल्या यंत्रणेला बहुधा दोन ब्रेकर असतात, एक आतल्या युनिटचा आणि एक बाहेरच्याचा. दोन्ही बघा. काही ब्रेकर पडल्यावर पूर्ण खाली न येता मधेच थांबतात आणि लांबून चालू दिसतात. असा ब्रेकर आधी पूर्ण बंद करून मगच वर करायचा. वर करताक्षणीच पुन्हा पडला तर तिसऱ्यांदा प्रयत्न करू नका. तिथे कुठे तरी थेट शॉर्ट आहे, आणि प्रत्येक प्रयत्नागणिक त्या जागी ठिणगी पडते.

बाहेरच्या युनिटशेजारी भिंतीवर डिस्कनेक्टची पेटी असते. काहींमध्ये ओढून काढायचा ठोकळा असतो. तो बऱ्याच प्रकारांत दोन्ही बाजूंनी बसतो: एका बाजूने ‘चालू’, उलटा फिरवून बसवला तर ‘बंद’. ठोकळा घट्ट बसलेला दिसतो, पेटी बंद होते, आणि वीज पुढे जात नाही. त्याच्यावर कोरलेली अक्षरं वाचून खात्री करा. पेटीत फ्यूज असतील तर नुसतं डोळ्यांनी बघून चालत नाही, काढून मीटरने सलगता तपासावी लागते.

आतल्या युनिटच्या झाकणामागे एक छोटा दाबस्विच असतो. झाकण नीट बसलं की तो दाबला जातो, नाही तर सगळ्या युनिटची वीज तोडतो. झाकण एका कोपऱ्यात बोटभर उचललेलं राहिलं तरी पुरे. तळहाताने झाकणाचे चारही कोपरे दाबून बघा. एखाद्या कोपऱ्यावर दाबल्यावर पंखा सुरू झाला तर बिघाड सापडला.

आणि ड्रेन. आतल्या ट्रेमध्ये किंवा निचऱ्याच्या नळीवर फ्लोट स्विच असतो. पाणी तुंबलं की तो २४ व्होल्ट तोडतो. दुरुस्तीत आतल्या युनिटची कॉइल (हवा गरम-गार करणारी नळ्यांची जाळी) धुतली असेल तर सुटलेला मळ नेमका या नळीत जाऊन बसतो. ट्रेमध्ये पाणी दिसलं तर नळी मोकळी करा. स्विचला दोष देऊ नका, तो आपलं कामच करतोय.

पेटीतले फ्यूज सोडले, तर इथपर्यंतची तपासणी कुणीही करावी. यापुढे झाकणं उघडायची आहेत. काही काँटॅक्टर दोनपैकी एकच तार तोडतात आणि दुसरी कायम जिवंत राहते, म्हणजे यंत्र बंद दिसत असतानाही आत वीज असते. मीटर वापरायची सवय नसेल, तर आतापर्यंतचं निरीक्षण लिहून ठेवा आणि जाणकाराला बोलवा. तुमच्या नोंदींमुळे त्याचा तासभर वाचेल.

२४ व्होल्टचा माग

आतल्या युनिटच्या कंट्रोल बोर्डावर मोटारगाडीत असतो तसा पात्यांचा फ्यूज असतो, ३ ॲम्पियरचा जांभळा किंवा ५ ॲम्पियरचा फिका तपकिरी. दुरुस्तीनंतर उडालेला सापडणारा भाग म्हणून याचा नंबर फार वर लागतो. वीज बंद न करता थर्मोस्टॅटच्या तारा सोडवल्या आणि ‘आर’ची तार (२४ व्होल्टचा उगम) ‘सी’ला (परतीची वाट) किंवा पत्र्याला नुसती शिवली, तरी तो उडतो. त्याच आकड्याचाच नवा घाला. ३ च्या जागी ५ किंवा १० चा घातला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर जळेल. ४० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर २४ व्होल्टवर जेमतेम १.६७ ॲम्पियर देऊ शकतो.

नवा फ्यूज कधी उडतो, हे बारकाईने बघा. वीज येताक्षणी उडाला, तर ‘आर’ आणि ‘सी’ कुठे तरी थेट भिडलेत, बहुधा पत्र्याच्या धारदार कडेवर चेपलेल्या तारेत किंवा झाकणाचा स्क्रू तारेतून आरपार गेलाय तिथे. थर्मोस्टॅटने हीटिंग मागितल्यावरच उडाला, तर ‘वाय’च्या, म्हणजे कॉम्प्रेसरच्या निरोपाच्या, वाटेवर शोधा: बाहेर जाणारी तार किंवा काँटॅक्टरची कॉइल. कूलिंग मागितल्यावरच उडत असेल आणि व्हॉल्व्ह ‘ओ’ पद्धतीचा (कूलिंगच्या वेळी वीज मिळणारा) असेल, तर रिव्हर्सिंग व्हॉल्व्हची कॉइल संशयित. डझनभर फ्यूज जाळण्यापेक्षा कळ दाबून पुन्हा चालू होणारा ३ ॲम्पियरचा छोटा ब्रेकर फ्यूजच्या जागी तात्पुरता लावावा, आणि एकेक तार सोडवत जावी. ज्या तारेशिवाय तो टिकतो, त्या तारेत दोष.

फ्यूज शाबूत असेल तर ‘आर’ आणि ‘सी’मध्ये मोजा. २४ ते २८ व्होल्ट यायला हवेत. शून्य असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या पुरवठ्याकडच्या बाजूला वीज आहे का ते बघा. तिथे आहे आणि इकडे नाही, तर ट्रान्सफॉर्मर गेला. नवा घालण्याआधी तो कशामुळे गेला ते शोधलं नाही, तर नवाही जाईल.

तारांच्या रंगांवर विसंबू नका, अक्षरांवर विसंबा. ‘आर’ म्हणजे २४ व्होल्टचा उगम, ‘सी’ परतीची वाट, ‘वाय’ कॉम्प्रेसर, ‘जी’ आतला पंखा, ‘ओ’ किंवा ‘बी’ रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह, ‘डब्ल्यू’ जोडीचे हीटर. पिवळी तार ‘वाय’वर असते हा नुसता रिवाज आहे. कुणी तुटलेल्या पिवळीऐवजी निळी वापरलेली असू शकते. थर्मोस्टॅट नवा बसवला असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये ‘हीट पंप’ निवडलंय का, तेही बघा. तो साधा भट्टीचा (घर तापवणाऱ्या फर्नेसचा) थर्मोस्टॅट म्हणून राहिला तर हीटिंग मागताना ‘वाय’वर काहीच सोडणार नाही. ‘ओ’ पद्धतीत व्हॉल्व्हला कूलिंगच्या वेळी वीज मिळते, ‘बी’ पद्धतीत हीटिंगच्या वेळी. हे उलटं निवडलं तर यंत्र सुटतं, पण थंडीत गार हवा फेकतं.

दोष थर्मोस्टॅटचा की पुढचा, हे एका तारेच्या तुकड्याने ठरतं. वीज बंद करा, बोर्डावर ‘आर’, ‘वाय’ आणि ‘जी’ एकमेकांना जोडा, वीज चालू करा, पाच मिनिटं वाट बघा. यंत्र सुटलं तर दोष थर्मोस्टॅटमध्ये किंवा त्याच्या तारांमध्ये. नाही सुटलं तर थर्मोस्टॅट निर्दोष, पुढे चला. ही चाचणी फक्त २४ व्होल्टच्या यंत्रणेतच करायची.

आता मुख्य काम. बाहेरच्या युनिटमध्ये मीटर एसी व्होल्टवर ठेवा, काळा प्रोब ‘सी’वर टेकवून तिथेच राहू द्या. लाल प्रोब ‘वाय’वर ठेवा. समजा २५ व्होल्ट आले. म्हणजे निरोप इथपर्यंत आलाय. आता लाल प्रोब त्या तारेच्या वाटेने एकेक टप्पा पुढे न्या. हाय प्रेशर स्विचच्या (गॅसचा दाब फार वाढला की तोडणारा) अलीकडे २५, पलीकडे २५, म्हणजे तो जुळलेला आहे, वाट देतोय. लो प्रेशर स्विचच्या (दाब फार उतरला की तोडणारा) अलीकडे २५, पलीकडे शून्य. सापडलं. याच स्विचने निरोप अडवलाय. खात्रीसाठी दोन्ही प्रोब त्याच्या दोन टोकांवर ठेवा. उघडा स्विच पूर्ण २५ व्होल्ट दाखवतो, वाट देणारा शून्य दाखवतो. नवशिक्यांचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण ‘व्होल्ट दिसले म्हणजे ठीक’ असं मनात पक्कं बसलेलं असतं. स्विचच्या दोन टोकांमध्ये व्होल्ट दिसणं म्हणजे वाट तुटलेली असणं.

अडवणारा स्विच सापडला की दोन शक्यता उरतात: स्विच खराब आहे, किंवा स्विच खरं सांगतोय. दुसरी आधी तपासा. त्याच्या दोन तारा जोडून यंत्र ‘चालवून बघणं’ हा मोह धोकादायक आहे. गॅस नसताना लो प्रेशर स्विच टाळून चालवलेला कॉम्प्रेसर थोड्याच वेळात बेसुमार तापतो, कारण त्याला थंड ठेवणारा परतीचा गॅसच येत नसतो. हाय प्रेशर स्विच टाळला तर दाब कुठवर जाईल याला धरबंध राहत नाही. आर-४१०ए या गॅसच्या यंत्रांत तो स्विच साधारण ४० ते ४५ बारवर तोडतो, यावरून कल्पना यावी. आणखी एक सूचना: काही बोर्ड दाबाच्या स्विचने ठरावीक वेळा वाट तोडली की स्वतःला कुलूप घालतात. स्विच परत जुळला तरी वीज एकदा बंद-चालू केल्याशिवाय ते उघडत नाही. ब्रेकरचा खरा उपयोग इथे आहे, आणि तोही कोड टिपून झाल्यावर.

कधी कधी मीटर काँटॅक्टरच्या कॉइलवर २४ दाखवतो आणि काँटॅक्टर तरी ओढला जात नाही. वीज बंद करून, तारा सोडवून कॉइलचा रोध मोजा. २४ व्होल्टची कॉइल साधारण १० ते २० ओहम दाखवते. अनंत दाखवला तर ती तुटली. उलट काँटॅक्टर खडखडत असेल, तर व्होल्ट कॉइल जोडलेली असतानाच मोजा. एकाच तंतूवर लोंबकळणारी तार बिनभाराची असताना २५ दाखवते आणि भार पडताच १५ वर येते. १८ व्होल्टच्या खाली बहुतेक काँटॅक्टर नीट ओढले जात नाहीत. दुरुस्तीत तार सोलताना तंतू कापले गेले असतील तर असंच होतं. कार्बन धरलेले किंवा मधे मुंगी चेपलेले काँटॅक्टही बघून घ्या.

‘खट्’ होतं, पण फिरत नाही

काँटॅक्टर ओढला गेला, कॉम्प्रेसर दोन-तीन सेकंद घुमतो आणि गप्प होतो. इथे आधी कपॅसिटर. कॉम्प्रेसर आणि पंखा दोघांचा मिळून बहुधा एकच डबा असतो, त्यावर तीन टोकं: ‘सी’, ‘हर्म’ आणि ‘फॅन’. ‘हर्म’ कॉम्प्रेसरचं. डब्यावर ४५ अधिक ५ मायक्रोफॅरड लिहिलं असेल, तर ४५ हा कॉम्प्रेसरचा भाग आणि ५ पंख्याचा. बदलताना या दोन तारांची अदलाबदल झाली, तर कॉम्प्रेसरला फक्त ५ मिळतात आणि तो सुटूच शकत नाही, पंख्याला मात्र नऊपट मिळून त्याची मोटर तापते. या डब्यातल्या ‘सी’चा थर्मोस्टॅटच्या ‘सी’शी काही संबंध नाही, अक्षर तेवढं सारखं. दुरुस्तीआधी तारांचा फोटो काढलेला असेल तर आता तो कामी येईल.

हात लावण्याआधी वीज बंद करून कपॅसिटर उतरवा. सुमारे २० किलोओहमचा, ५ वॉटचा रोधक इन्सुलेटेड पकडीने टोकांवर काही सेकंद धरा आणि मीटरने शून्य झाल्याची खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करण्याची पद्धत सोडून द्या. मग मोजा. ४५ चा भाग ६ टक्क्यांच्या मर्यादेत, म्हणजे ४२.३ ते ४७.७ च्या दरम्यान यायला हवा. डोकं फुगलेला डबा मोजत बसू नका, बदला. ३७० व्होल्टच्या जागी ४४० चा चालतो, उलट चालत नाही. मायक्रोफॅरडचा आकडा मात्र तोच हवा.

कपॅसिटर ठीक असेल तर कॉम्प्रेसरची टोकं. कॉमन, स्टार्ट आणि रन या तीन टोकांमध्ये स्टार्ट-रनचा रोध सर्वांत जास्त येतो आणि तो बाकी दोघांच्या बेरजेइतका असतो. कॉमन-रन १ ओहम, कॉमन-स्टार्ट २.५ ओहम आला तर स्टार्ट-रन ३.५ यायला हवा. कॉमनकडून दोन्हीकडे अनंत आणि स्टार्ट-रन मात्र नीट, असं दिसलं तर घाबरू नका. आतला ओव्हरलोड (जास्त तापल्यावर वाट तोडणारा स्विच) उघडलाय. कॉम्प्रेसर तापलेला असेल, आणि पुरता गार व्हायला तासभर किंवा जास्तही लागतो. गार झाल्यावर पुन्हा मोजल्याशिवाय त्याला मृत ठरवू नये. कुठल्याही टोकाकडून पत्र्याकडे सलगता आली, तर मात्र वाईंडिंग (मोटरच्या तारांचं वेटोळं) जमिनीला, म्हणजे अर्थला, भिडलंय.

तीन फेजचा स्क्रोल कॉम्प्रेसर असेल आणि दुरुस्तीनंतर तो कर्कश आवाज करत फिरतोय पण दाबात फरक पडत नाही, तर तो उलटा फिरतोय. लगेच थांबवून कोणत्याही दोन फेजची अदलाबदल करायची.

इन्व्हर्टर स्प्लिटचं वेगळं गणित

इथे काँटॅक्टरचं ‘खट्’ शोधू नका. आत दिवा लागतो, पंखा फिरतो, काही वेळाने कम्युनिकेशनचा कोड येतो आणि बाहेर सामसूम, हे दुरुस्तीनंतरचं ओळखीचं चित्र. दोन युनिटांमध्ये बहुधा फेज, न्यूट्रल, सिग्नल आणि अर्थ अशा चार तारा असतात. टर्मिनलवरचे आकडे दोन्ही टोकांना तंतोतंत जुळायला हवेत: १ ला १, २ ला २, ३ ला ३. न्यूट्रल आणि सिग्नल उलटे झाले तर बोर्ड नुसता गप्प बसतो किंवा जळतोही. केबल मधेच जोडलेली असेल तर तो सांधा उघडून बघा. वीज वाहून न्यायला पुरेसा असलेला सांधाही सिग्नलसाठी कच्चा ठरतो.

बोर्डाला हात लावण्याआधी वीज बंद करून किमान दहा मिनिटं थांबा, आणि मोठ्या कपॅसिटरवर डीसी व्होल्ट मोजूनच पुढे जा. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर तिथे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठलेले असतात. वीज चालू असताना डीसी पंख्याचा प्लग काढणं किंवा लावणं टाळा, एका झटक्यात मोटर आणि बोर्ड दोन्ही जाऊ शकतात.

बोर्ड बदलला असेल, तर जुन्या बोर्डावरचे छोटे डिप स्विच आणि जंपर जसेच्या तसे नव्यावर आहेत का? एकच बोर्ड अनेक क्षमतांच्या युनिटांना चालतो आणि आपण कुठल्या युनिटात आहोत हे त्याला या स्विचांवरूनच कळतं. अनेक बोर्ड हे स्विच फक्त वीज येताना वाचतात, म्हणून बदल वीज बंद ठेवून करायचा.

सेन्सरचे प्लग सारख्या आकाराचे असतात आणि अदलाबदल सहज होते. हे सेन्सर तापले की त्यांचा रोध कमी होतो. २५ अंशांना १० किलोओहम ही बरीच आढळणारी किंमत आहे, पण ५, २०, ५० किलोओहमचेही असतात, त्यामुळे मॉडेलचा तक्ता लागतो. प्लग काढून सेन्सर मुठीत धरा, मीटरवर आकडा हळूहळू उतरायला हवा. स्थिर राहिला, अनंत झाला किंवा शून्य झाला तर सेन्सर किंवा त्याची तार गेली. पाइपवरून निसटून लोंबकळणारा सेन्सर मीटरवर उत्तम दिसतो आणि बोर्डाला मात्र चुकीचं तापमान सांगत राहतो. इलेक्ट्रॉनिक एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या (गॅसचा प्रवाह कमी-जास्त करणारा) डोक्यावरची कॉइल काढली होती का? ती परत खाचेत बसून ‘टक्’ व्हायला हवी. कॉम्प्रेसरच्या यू, व्ही, डब्ल्यू या तीन टोकांमध्ये रोध तिन्ही जोड्यांत सारखा असतो. इथे स्टार्ट-रनची बेरीज लावू नका.

गॅसचं काम झालं असेल तर

बाहेरच्या युनिटच्या दोन सर्व्हिस व्हॉल्व्हची टोपणं काढा आणि ॲलन कीने बघा. दोन्ही डावीकडे पूर्ण फिरवून उघडलेले हवेत. शेवटाला टेकले की थांबा, जोर लावू नका. व्हॉल्व्ह बंद राहून गेला तर यंत्र काही सेकंद चालून दाबाच्या स्विचमुळे बंद पडतं, आणि सगळ्यांना वाटतं की गॅस कमी भरला.

यंत्र बंद असताना आणि सगळीकडे तापमान सारखं झालेलं असताना गेजवरचा दाब बरंच सांगतो. २५ अंशांना आर-४१०ए सुमारे १५.५ बार, आर-३२ सुमारे १६ बार आणि आर-२२ सुमारे ९.४ बार दाखवतो. त्याहून बराच कमी असेल तर आत द्रव उरलेलाच नाही, म्हणजे गळती आहे किंवा भरणंच राहिलं. मात्र आकडा जुळला म्हणजे गॅस पुरेसा आहे असं समजू नका. आत थोडासा द्रव असला तरी दाब तोच येतो. पुरेसा आहे की नाही हे वजनकाटाच सांगतो: व्हॅक्युम ५०० मायक्रॉनपर्यंत नेऊन तिथे टिकतो का ते बघायचं, मग युनिटच्या माहितीपट्टीवर लिहिलेलं वजन मोजून भरायचं. आर-४१०ए द्रवरूपातच भरावा, कारण तो दोन वायूंचं मिश्रण आहे. आणि व्हॅक्युममध्ये असलेल्या कॉम्प्रेसरला वीज देऊ नका, मेगरही (जास्त व्होल्ट देऊन इन्सुलेशन तपासणारं मीटर) लावू नका. विरळ झालेल्या जागेत टोकांमध्ये ठिणगी उडून वाईंडिंग जळू शकतं. आर-३२ पेट घेऊ शकतो, म्हणून ब्रेझिंगआधी (नळ्या तापवून जोडण्याआधी) तो पूर्ण काढून नायट्रोजन फिरवणं आणि जागा हवेशीर ठेवणं अनिवार्य आहे.

फिल्टर ड्रायर (गॅसमधला ओलावा आणि गाळ टिपणारा डबा) बदलला असेल तर तो दोन्ही दिशांचा आहे ना, हे त्यावरच्या बाणांवरून बघा. हीट पंपात दोन युनिटांमधल्या द्रवाच्या नळीतला प्रवाह मोसमाप्रमाणे उलटतो. तिथे एकाच बाणाचा ड्रायर घातला, तर एका मोसमात साठवलेला गाळ दुसऱ्या मोसमात परत ओकतो.

सुटल्यावर पहिला तास

यंत्र सुटलं म्हणून लगेच झाकणं लावू नका. कॉम्प्रेसरच्या तारेवर क्लॅम्प मीटर लावून प्रवाह बघा, पट्टीवरच्या आकड्याच्या वर जाता कामा नये. पंधरा-वीस मिनिटांनी हीटिंगमध्ये जाड नळी चांगली गरम लागायला हवी. आत येणारी हवा ३५ ते ४५ अंशांच्या आसपास असते, भट्टीसारखी कडक नसते, त्यामुळे हाताला कोमट वाटली तरी तो बिघाड नाही. जोडीचे हीटर बंद करूनच हे मोजा, नाही तर श्रेय त्यांचं आणि शाबासकी हीट पंपाला.

बाहेर गारठा आणि दमट हवा असेल तर पहिलं डिफ्रॉस्ट, म्हणजे बाहेरच्या कॉइलवरचा बर्फ वितळवणं, होईपर्यंत थांबता आलं तर उत्तम. बाहेरचा पंखा अचानक थांबतो, रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह मोठ्याने ‘फुस्स’ करतो, कॉइलवरून वाफ उठते. आग लागली किंवा यंत्र पुन्हा बंद पडलं असं वाटून याच क्षणी अनेक जण ब्रेकर पाडतात. हात आवरा. दोन ते दहा मिनिटांत बर्फ वितळून पाणी खालच्या भोकांतून वाहून जातं, व्हॉल्व्ह पुन्हा फुस्स करतो आणि पंखा फिरू लागतो. तो फिरू लागला की झाकणाचे स्क्रू आवळायला घ्या, आणि आवळताना आत एखादी तार कडेला चेपत तर नाही ना, ते बघा.